फ्रँकफर्टला ठेवलेला जबाब

पायल तायडे रडणाऱ्या बाईसोबत कधी रडली नाही. अमरावतीत गाडगेनगरच्या एका माडीवर बायकांसाठी मदत केंद्र आहे, तिथं ती समाजकार्य शिकून लागली आणि तिथंच राहिली. मार खाल्लेली, घरातून हाकललेली बाई आली की पायल आधी पाण्याचा गिलास पुढं करायची, पंखा तिच्याकडे वळवायची, आणि "सांगा" म्हणून गप्प बसायची. केंद्रातल्या नव्या मुलींना ती कोरडी वाटे. पण एकदा तिच्यासमोर बसून गेलेली बाई परत आली की तिलाच विचारायची.

केंद्राची सगळी माहिती आधी टेबलावरच्या एका कॉम्प्युटरमध्ये होती. एका सकाळी एका बाईचा नवरा वॉर्डातल्या पुढाऱ्याला आणि त्याच्या पोरांना घेऊन माडी चढून आला. त्यांनी कोणाला हात लावला नाही. कॉम्प्युटर तेवढा उचलला आणि जिना उतरून गेले. ती बाई धारणीकडे मावशीच्या घरी लपली होती. पत्ता त्यांना मिळाला. बाई जिवानिशी वाचली, पण एक डोळा गेला. पायल तिला दवाखान्यात पाहून आली आणि त्यानंतर कित्येक दिवस कामापुरतंच बोलली.

मग केंद्रानं ठरवलं की आता इमारतीत काही ठेवायचं नाही. अकोल्याचा ललित कॉलेजांना कॉम्प्युटरची कामं करून द्यायचा. त्यानं एका कंपनीचं ॲप आणून दाखवलं. बायकांचे जबाब त्यांच्याच आवाजात घ्यायचे आणि ते दूर कुठंतरी कंपनीच्या यंत्रांवर राहायचे. खातं उघडताना तो थांबला.

"ताई, इथं एक निवडा लागते. माहिती कुठं ठेवाची? मुंबई, सिंगापूर का फ्रँकफर्ट? एकदा निवडलं का मंग बदलता येत नाई."

"फरक काय पडते?"

"मुंबईले ठेवलं त इथला कायदा, इथले सायब. फ्रँकफर्टले इथल्या कोन्या पुढाऱ्याचा फोन चालत नाई. पन तिथल्या खात्याले कंपनीनं एक नियम ठेवला हाये. मानसाचा आवाज एक वर्ष ठेवते. ज्याचा आवाज हाये त्यानं पुन्हा हो म्हनलं तरच पुढं. नाई त पुसून टाकते."

पायलला तो नियम आवडला. बाया घरी परत जातात, मन बदलतात, त्यांचं बोलणं जन्मभर कोणाच्या हातात राहावं हे तिला पटत नव्हतंच. आणि जर्मनीत जिना चढून कोण जाणार होतं?

"फ्रँकफर्ट कर," ती म्हणाली.

त्याच बैठकीत तिनं आणखी एक नियम मंजूर करून घेतला. कुठलाही जबाब कोणीही आपल्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा नाही. तिनं स्वतःसुद्धा नाही.

रागिणी आली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात. माहेर चांदूर बाजारजवळचं, दिली होती संत्र्याच्या बागा असलेल्या मोठ्या घरात. बोलायला लागली ती न थांबता बोलली. नवऱ्यानं एका दुपारी तिला बागेतल्या विहिरीवर नेलं होतं आणि मानेला धरून खाली वाकवलं होतं. "इथं पडली त पाय घसरला म्हनीन सारे," असं तो म्हणाला होता. हे सांगताना तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय केली ते सांगावं तसा.

"केस नाई कराची मले," ती शेवटी म्हणाली. "पोरगी लहान हाये. पन हे ठेवून द्या, ताई. कधी काई झालंच त हे असू द्या."

"वर्षानं तुह्या फोनवर मेसेज येईन. तवा हो दाबजो. नाई दाबलं त हे राहनार नाई," पायलनं तिला दोनदा समजावून सांगितलं. रागिणीनं मान हलवली आणि दुपारच्या गाडीनं सासरी गेली.

वर्ष भरत आलं तशी ॲपनं केंद्रालाही सूचना दिली, की रागिणीच्या होकाराची वाट आहे. पायलनं फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी बंद, पुढच्या आठवड्यात बंद. नवऱ्यानं तो कधीच काढून घेतला होता, पण हे पायलला नंतर कळलं. कोणाला घरी पाठवावं तर रागिणी केंद्रात आली होती हे उघडं पडणार. तिच्या आईचा नंबर रागिणीनं दिलेला नव्हता.

शेवटच्या दिवशी पायल कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसली. आवाज उतरवून घ्यायचं बटण समोरच होतं. तिच्या डोळ्यांपुढं जिन्यावरून खाली जाणारा कॉम्प्युटर आला, आणि दवाखान्यातल्या त्या बाईची पट्टी. रागिणीनं हो म्हटलेलं नव्हतं. तिनं पडदा बंद केला आणि घरी गेली. सकाळी रागिणीच्या नावापुढं काही नव्हतं.

पोळ्याच्या आगेमागे रागिणी विहिरीत सापडली. पाणी काढताना पाय घसरला, असं सासरच्यांनी लिहून दिलं.

तिची आई पार्बताबाई दहाव्यानंतर केंद्राचा जिना चढून आली. पायलनं पाणी ठेवलं, त्याला तिनं हात लावला नाही.

"माह्या पोरीनं राखीले आली तवा सांगतलं होतं, मॅडमजवळ सारं बोलून ठेवलं हाये म्हनून. ते द्या मले. ठान्यात नेतो."

"मावशी, ते राहिलं नाई."

"कावून?"

पायलनं सगळं सांगितलं. नियम, मेसेज, बंद फोन. बटणाचंही सांगितलं, लपवलं नाही. पार्बताबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कुठं होतं ते?"

"जर्मनीत. परदेशात."

"माही पोरगी कधी नागपूरच्या पलीकडे गेली नाई," ती म्हणाली. "तुमाले आयकता येत होतं, बाई. तुमाले एक बटन दाबता येत होतं."

पार्बताबाई तशीच जिना उतरून गेली.

पायलनं कंपनीला लिहिलं, ललितनंही लिहिलं. पुसलेलं परत येत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. मग पायल स्वतः ठाण्यात गेली आणि रागिणी जे बोलली होती ते आठवेल तसं लिहून दिलं. केस उभी राहिली. कोर्टात आरोपीच्या वकिलानं आवाज न चढवता विचारलं, "तो जबाब आज कुठं आहे?"

"पुसला गेला."

"कोणी निवडला होता असा नियम?"

"मी."

"म्हणजे आम्ही तुमच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा."

नवरा सुटला. पुरावा पुरेसा नाही, असं निकालात होतं. केंद्राचे विश्वस्त पायलला म्हणाले की यात तुमची चूक नाही. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. आता ती बोलणं सुरू व्हायच्या आधीच प्रत्येक बाईला विचारते: हे किती दिवस ठेवू, कोणाला ऐकू देऊ, तुझा पत्ता लागला नाही तर काय करू? बहुतेक बाया म्हणतात, "तुमीच ठरवा, ताई." पायल म्हणते, "नाई. तू सांग." काही बाया तिथंच उठून जातात.

रागिणीची मुलगी बापाकडेच आहे. पार्बताबाई कधीमधी तिच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहते आणि बापाचा माणूस तिला हुसकून लावतो. नातीला भेटू द्यावं म्हणून पायलनं तिच्या वतीनं कोर्टात अर्ज केला आहे. तारखेला दोघी एकाच बाकावर बसतात, आणि पार्बताबाई अजून तिच्याशी कामापुरतंच बोलते.