खानमच्या चित्रांत बाई शोधू नका

खानम कुणाच्याही चित्राला चांगलं म्हणत नसत. बर्लिनच्या वेडिंग भागात, एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगणात त्यांचा स्टुडिओ होता. शनिवारी सकाळी तिथे वर्ग भरायचा. चहाचा ग्लास हातात घेऊन त्या फिरायच्या, एखाद्याच्या चित्रापुढे थांबायच्या आणि त्याच्या एका भागावर तळहात धरायच्या. "हे गेलं तर काही बिघडतं?" विद्यार्थी नकारार्थी मान हलवायचा. "मग ठेवलंय कशाला?" झालं परीक्षण. पुढचं चित्र.

मी तिथे चित्रकला शिकायला गेलेच नव्हते. मला पोस्टर करायचं होतं. भाडी वाढवून लोकांना हुसकावणाऱ्या घरमालक कंपन्यांविरुद्ध आमचा भाडेकरूंचा गट भांडतो, त्याची पत्रकं मी विद्यापीठातला अभ्यास सांभाळून लिहिते. एक पत्रक मी मोठ्या अभिमानाने खानमपुढे ठेवलं. सगळी अक्षरं ठळक, प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह, कोपऱ्यात वळलेली मूठ. त्यांनी मुठीवर तळहात ठेवला. मग मथळ्यावर. मग जवळजवळ सगळ्यावरच. उरलं एकच वाक्य: 'हे घर आम्ही सोडणार नाही.' म्हणाल्या, "एवढंच म्हणायचंय ना? मग म्हण आणि थांब." मला भयंकर राग आला. घरी जाऊन चिडचिड केली आणि तेवढं एकच वाक्य छापलं. आधीची पत्रकं जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात सापडायची. हे लोकांनी खिडक्यांत लावलं.

'खानम' हे काही त्यांचं नाव नव्हे, फारसीतलं आदराचं संबोधन. तरुणपणी त्या तेहरानहून बर्लिनच्या कलाशाळेत आल्या, शिकून परत गेल्या आणि तिथे रंगांचे मोठमोठे चौकोन रंगवू लागल्या. "बाईने गुलाब काढावेत अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मी गुलाबाचा फक्त रंग घेतला," असं म्हणायच्या. पहिल्या प्रदर्शनात त्यांच्या मामांनी विचारलं होतं, "फ्रेम छान झाल्यात पोरी. चित्रं कधी आणणार?" ते मामा पुढे घरी येणाऱ्या प्रत्येकाला तीच चित्रं कौतुकाने दाखवायचे. खानमनी तिथल्या कॉलेजात शिकवलं, कितीतरी मुली त्यांच्या हाताखाली चित्रकार झाल्या. मग क्रांती झाली, कॉलेज बंद झालं आणि त्या लहानग्या मुलीला घेऊन बर्लिनला परतल्या. हे सगळं त्या रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं सांगायच्या.

वर्गात माझ्याबरोबर सोनालीताई होत्या. पुण्याच्या, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत. खानमच्या सगळ्यात मोठ्या कॅनव्हाससमोर उभ्या राहून एकदा त्या मला हळूच म्हणाल्या, "अगं, हे नुसतं निळं आहे. मला काहीच कळत नाहीये." खानमनी विचारलं, काय म्हणते ही? मी ओशाळून जर्मनमध्ये सांगितलं. "गेनाऊ! अगदी बरोबर!" खानम खूश. "निळं आहे. शेवटी एकीला तरी कळलं."

या चित्रासाठीच एका संग्रहालयाचा क्युरेटर स्टुडिओत आला. देश सोडून आलेल्या स्त्री-कलाकारांचं मोठं प्रदर्शन होतं. मी तर उडालेच. इतकी वर्षं दुर्लक्ष, आता न्याय! खानमनी त्याला चहा दिला, पिस्ते पुढे केले, आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या कायमच्या दालनात माझे इथल्या कलाशाळेतले दोन वर्गमित्र आहेत. त्यांच्या चित्रांखाली काय लिहिलंय?"

"नाव, माध्यम, वर्ष."

"आणि माझ्या?"

"आल्झो... म्हणजे, तुमचा प्रवासही लिहू. तो लोकांना भिडेल."

"प्रवास मी विमानाने केला," खानम म्हणाल्या. "चित्र तेलरंगात केलंय. मला त्या दालनात लावा, नाहीतर नको."

तो गेल्यावर मी भडकले. "खानम, निदान लोक बघतील तरी!"

"काय बघतील? इराणी बाईचे उघडे केस?" त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तू पत्रकात स्वतःला 'बिचारी भारतीय विद्यार्थिनी' लिहितेस का?"

"नाही."

"का नाही?"

"मी हक्क मागतेय, दया नाही!"

"मग माझ्यावर का ओरडतेस?"

मी पिस्ते खात बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

संग्रहालयाकडून नकार आला: कायमच्या दालनात जागा नाही. त्या दालनात चित्र लागावं ही एकच गोष्ट खानमना हवी होती. बाकी कौतुकाची त्यांना भूक नव्हती. दालनासमोर निदर्शनं करू या, असं मी म्हटलं. त्यांनी साफ नाही म्हटलं. पुढच्या शनिवारी वर्ग नेहमीसारखा झाला. गेल्या हिवाळ्यात, थोड्याशा आजारपणानंतर त्या गेल्या.

त्यांची मुलगी येना शहरात भिंगांवर संशोधन करते. उन्हाळ्यात तिला संग्रहालयाचा फोन आला. चित्र हवंय, कायमच्या दालनासाठी. तिने आईचीच अट सांगितली: नाव, माध्यम, वर्ष, त्यापुढे एक शब्द नाही. त्यांनी लगेच मान्य केली. लगेच! मेलेल्या बाईला जागा द्यायला कुणाला सरकायला लागलं नाही.

मी आणि सोनालीताई बघायला गेलो. दोन वर्गमित्रांच्या मधोमध चित्र लागलंय. पाटीत वावगं काही नाही. प्रकाशही बरा आहे.

सोनालीताईंनी माझा हात दाबला. "लागलं गं शेवटी. आता तरी खूश हो."

"नाही ताई."

"अगं, आता अजून काय हवंय तुला?"

"ही भिंत त्या होत्या तेव्हाही इथेच होती."