इज-आर सर आणि मून फॅमिली

वडनेरच्या बसथांब्याजवळ प्रफुलनं थंड पाण्याच्या कॅनचं दुकान टाकलं आणि वर इंग्रजी पाटी लावली, त्या दिवशी रूपराव ताकसांडे सरांची हिंगणघाटची बस चुकली. पाटीवर 'कोल्ड वॉटर आर अव्हेलेबल' असं लिहिलं होतं. सर उन्हातच थबकले. चष्मा सदऱ्याला पुसून पुन्हा एकदा वाचलं आणि दुकानात शिरले.

"प्रफुल, वॉटरले आर लागत नाई बापा. पाणी मोजता येत नाई, म्हणून इज."

"मोजता कसं नाई येत सर? मी तं कॅननं मोजूनच इकतो."

"कॅन मोजता येतात. पाणी नाई."

"मंग लोकं पैसे कायचे देऊन राह्यले? कॅन तं वापस आणतात!"

सर समजावत राहिले. नदीचं पाणी, ग्लासातलं पाणी, डोळ्यातलं पाणी, सगळी उदाहरणं झाली. तेवढ्यात बस आली, थांबली आणि गेलीसुद्धा. शेवटी गिऱ्हाईक खोळंबलं म्हणून प्रफुलनं 'आर'वर पांढरी पट्टी चिकटवली, तेव्हा कुठे सरांच्या जिवाला बरं वाटलं.

रूपराव सर तसे साधे, मवाळ गृहस्थ. भाजीवाल्याशी कधी घासाघीस केली नाही, शेजाऱ्यानं शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ तोडली तरी शब्द काढला नाही. पण कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी दिसलं की त्यांना भाताच्या घासात खडा लागल्यासारखं होई. आयुष्यभर हायस्कूलात इंग्रजी शिकवलं. पोरांनी त्यांना 'इज-आर सर' नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊकही होतं. पोरं अजब प्रश्न विचारायची. "सर, नामाले एस लावला की अनेकवचन होते, अन् क्रियापदाले एस लावला की एकवचन. असं काऊन?" सर म्हणायचे, "एस म्हणजे घरातली एकच चादर समज. कर्त्यानं पांघरली तं क्रियापद उघडं, अन् क्रियापदानं पांघरली तं कर्ता उघडा." हे मात्र वडनेरच्या दोन-तीन पिढ्यांच्या चांगलं लक्षात राहिलं.

फक्त एका पोराच्या प्रश्नानं सर अडले होते. कवडू त्याचं नाव. त्यानं निबंधात लिहिलं, 'माय फादर आर अ फार्मर.' सरांनी लाल रेघ ओढली, तसा तो उठून उभा राहिला.

"सर, बापाले इज कसं म्हणू? एकेरी होते न. घरी 'बाबा आला' म्हटलं तं आजी कान पिळते. 'आले' म्हणा लागते."

"इंग्रजीत बापालेही इजच. राजालेही इज."

"मंग त्यायच्यात बापाले कोणी मानत नाई का?"

सरांनी पेन टेबलावर ठेवलं आणि त्या तासाला पुढं फारसं शिकवलं नाही. पुढं कवडूनं इंग्रजीचा नाद सोडला आणि हिंगणघाटात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापायचं दुकान काढलं.

सरांची एकुलती एक लेक रोशनी वर्ध्याला बँकेत होती, रोज घरूनच ये-जा करायची. तिनं आपल्या मनानं पोरगा पसंत केला. पवनारचा धम्मदीप मून, नागपूरला केंद्र सरकारच्या एका कार्यालयात इंजिनिअर. सरांना आणि त्यांच्या पत्नी कांताबाईंना पोरगा आवडला. पवनारला जाणं झालं. धम्मदीपचे वडील हरिदासजी कोर्टातले निवृत्त स्टेनो. उंच, किडकिडीत, बोलताना प्रत्येक शब्द टाइप केल्यासारखा वेगळा काढायचे. त्यांच्या पत्नी शोभाबाईंनी पोहे केले होते, वरून भरपूर तर्री. देण्याघेण्याची गोष्टच निघाली नाही. तारीख ठरली, विहार ठरला, भन्तेजींना सांगायचं ठरलं. सर मनातल्या मनात म्हणाले, इतकं सोपं असते का लगन?

मग चहाच्या वेळी धम्मदीप म्हणाला, "बाबा, माझ्या ऑफिसात तामिळ आहेत, बंगाली आहेत. पत्रिका थोड्या इंग्रजीतही छापू."

"मी मजकूर तयारच केला आहे," म्हणून हरिदासजींनी खिशातून कागद काढला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "द मून फॅमिली आर हॅपी टू इन्व्हाइट यू..."

सरांनी चहाची बशी खाली ठेवली. कांताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांचा अनुभव त्या नजरेत होता. पण उपयोग झाला नाही.

"हरिदासजी," सर अगदी हळू म्हणाले, "इज पाहिजे."

"काय इज?"

"फॅमिली इज. कुटुंब एकच आहे न."

हरिदासजी हसले. "सर, मी साहेबांचे निकाल नोकरीभर उतरवून घेतले. फॅमिली आर."

"मी पेपर तपासले नोकरीभर. आर लिहिलं की मार्क कापले मी."

"मग कित्येक लेकरांचं नुकसान केलं तुम्ही."

हे मात्र सरांना झोंबलं. "अन् तुम्ही लिहिलेल्या निकालानं कोण कोण आत गेलं असन, बुद्धच जाणे," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. शोभाबाई पोह्याची कढई घेऊन आल्या होत्या, त्या तशाच परत फिरल्या. धम्मदीप रोशनीकडे पाहू लागला आणि रोशनी छताच्या पंख्याकडे. निघताना दोघांनी एकमेकांना जयभीम घातला, पण दोघांचीही नजर भिंतीवर होती.

मजकूर ठरेना, म्हणून पत्रिका अडली. कवडूचे फोन येऊ लागले. "सर, मशीन रिकामी आहे, उद्यापासून दुसरीकडचं काम चालू होते. इज टाकू का आर टाकू, एकदाचं सांगा." सर म्हणायचे, "इज." तासाभरानं कवडूचा पुन्हा फोन, "त्यायनं आर सांगितलं." दोन शिकलेल्या माणसांच्या मधे सापडून बिचारा कवडू घाईला आला.

याच काळात कांताबाईंनी आपलं मन मोकळं करायला गिरडला नणंदेला फोन लावला. अन्नपूर्णाबाई सरांहून बऱ्याच मोठ्या. ऐकायला कमी येई, त्यात टेकडीकडच्या त्यांच्या घरी फोनचा आवाज तुटत असे.

"बाई, सगळं जमलं होतं," कांताबाई म्हणाल्या, "पण हे दोघं इज-आरवर अडून बसले."

"इजारीवर?" अन्नपूर्णाबाई ओरडल्या. "एवढ्याशा इजारीवर लगन अडलं?"

"हो न बाई, एवढ्याशा इज-आरवर!"

"बरं बरं. तू काही काळजी करू नोको. मीच पाहतो काय ते."

कांताबाईंना वाटलं, बाई येऊन भावाला चार शब्द सुनावतील. त्यांना हायसं वाटलं.

पुढच्या रविवारी मून मंडळी वडनेरला आली. रोशनी आणि धम्मदीपनं दोन्ही बापांना दम देऊन ठेवला होता की आज काय ते उरकून टाका. हरिदासजींच्या काखेत जाडजूड पुस्तक होतं. सरांनीही आपलं जुनं व्याकरण काढून ठेवलं होतं, बांधणी सुटली म्हणून त्याला कांताबाईंच्या जुन्या पातळाची पट्टी चिकटवलेली. दोघं समोरासमोर खुर्च्यांवर बसले. कोणी आधी बोलावं, याचीच दोघं वाट पाहत होते, तेवढ्यात दारात ऑटो थांबला आणि गाठोडं घेऊन अन्नपूर्णाबाई उतरल्या.

त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. सरळ हरिदासजींसमोर गेल्या, गाठोडं सोडलं आणि पांढरीशुभ्र, नवी कोरी इजार, जुन्या वळणाचा सैल पायजमा, त्यांच्या मांडीवर ठेवली. दोन माणसं मावतील एवढी.

"घ्या इवाईबुवा. समुद्रपूरच्या चांगल्या शिंप्याकडून शिवून आणली. आखूड वाटली तं सांगा, कापड उरलं आहे. पण लेकरायचं लगन अडवू नोका."

हरिदासजी त्या इजारीकडे पाहतच राहिले. नाडी जमिनीला लागली होती.

"हे काय आहे?"

"तुम्हीच मागितली न? आमच्या रूप्यानं नाई म्हटलं म्हणते. तो असाच आहे लहानपणापासून, चिक्कू." मग त्या भावाकडे वळल्या. "काऊन रे? लेकीच्या सासऱ्याले एक इजार देता येत नाई तुले? मास्तर झाला न तू?"

पहिली हसली ती रोशनी. मग धम्मदीप. शोभाबाईंनी पदर तोंडात कोंबला, पण त्यांचे खांदे हलतच होते. कांताबाईंनी नणंदेच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सगळं सांगितलं. इज म्हणजे काय, आर म्हणजे काय. अन्नपूर्णाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे 'आहे' अन् 'आहेत'?"

"हो."

"अन् याच्यावर भांडून राह्यले?" त्यांनी इजारीची घडी घालायला घेतली. "याच्याहून इजारीवर भांडले असते तं बरं होतं. घालता तं आली असती."

वातावरण थोडं सैल झालं. हरिदासजींनी पुस्तक उघडलं, सरांनीही उघडलं. समूहवाचक नामांचं पान दोघांना एकदमच सापडलं. दोघं वाचू लागले आणि वाचता वाचता दोघांचेही चेहरे बदलले.

"काय लिहिलं आहे, सांगा न," कांताबाई म्हणाल्या.

सरांना सांगायचं जिवावर आलं होतं. हे पान त्यांनी पूर्वी वाचलंही असेल, पण परीक्षेच्या नमुना उत्तरपत्रिकेत कायम 'इज'च असायचं, म्हणून वर्गात तेवढंच सांगत आले. "असं आहे की," ते घसा खाकरून म्हणाले, "घर एका विचारानं चालत असन तं इज. अन् घरातल्या माणसायचं आपसात जमत नसन, जो तो आपलं लावत असन, तं आर."

"मंग विचारता काय?" कांताबाई म्हणाल्या. "तुम्ही भांडून राह्यले. आर लावा!"

हरिदासजींनी मांडीवर थाप मारली. "ऐका! विहीणबाईंनी निकाल दिला. आर!"

सरांनी ते पान पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "ठीक आहे. मान्य. आर."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण सरांचं बोट अजून पानावरच होतं. "पण हरिदासजी, मी मान्य केलं म्हणजे आता आपलं एकमत झालं. एकमत झालं म्हणजे..."

"इज," हरिदासजींच्या तोंडून नकळत निघालं, आणि मग ते संतापले. "नाही! मला मान्य नाही!"

"मान्य नाई म्हणजे मतभेद. मंग आर."

"हो, आर!"

"म्हणजे मले मान्य. म्हणजे इज!"

दोघंही खुर्च्यांच्या अगदी टोकावर आले होते. आणि गंमत अशी की आता दोघांनाही मजा येऊ लागली होती. वडनेरात सरांशी या विषयावर इतका वेळ कोणी बोललं नव्हतं. पवनारात हरिदासजींचंही तेच. तेवढ्यात कवडूचा फोन आला. तो रोशनीनंच उचलला.

"रोशनीताई, आता तरी सांगा. नाईतर मी 'फॅमिली'च्या पुढं फुलाचं चित्र टाकून देतो."

रोशनी म्हणाली, "कवडूभाऊ, फॅमिली काढून टाका. लिहा, 'वुई आर गेटिंग मॅरीड. प्लीज कम.' खाली आमची दोघांची नावं."

दोन्ही बाप डोळे बारीक करून त्या वाक्यात चूक शोधत होते. सरांनी ओठांनी ते पुन्हा पुटपुटून पाहिलं. वुई, आर. हरिदासजींनी बोटांनी हवेत टाइप करून पाहिलं. चूक सापडली नाही. दोघांनाही थोडं वाईट वाटलं.

लग्न पवनारच्या विहारात झालं. अन्नपूर्णाबाईंची इजार हरिदासजींनी मान देऊन घातली होती. कमरेला इतकी दुमडली होती की फोटोत त्यांचं पोट सुटल्यासारखं आलं. संध्याकाळी वर्ध्याला स्वागताचा कार्यक्रम होता. धम्मदीपच्या कार्यालयातल्या एक बंगाली मॅडम सरांजवळ आल्या आणि इंग्रजीत विचारू लागल्या की तुमची मुलगी काय करते. सरांनी रोशनीकडे पाहिलं. ती मंचावर निळ्या साडीत उभी होती, हसत होती, आणि आता तिच्या खोलीतला पंखा कोणी लावणार नाही, हे सरांना नेमकं त्याच क्षणी उमगलं.

"माय डॉटर," ते म्हणाले, "माय डॉटर वर्क इन अ बँक."

मॅडम गोड हसल्या आणि पुढे गेल्या. हरिदासजी बाजूलाच होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि सरांच्या दंडाला धरून म्हणाले, "चला सर, जेवून घेऊ. वांग्याची भाजी निवते."

पंगतीत बसल्यावर, दुसरा घास घेताना सरांचा हात ताटातच थांबला.

"हरिदासजी, वर्क्स पाहिजे होतं."

"मला तर वर्क्सच ऐकू आलं," हरिदासजी म्हणाले.

सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हरिदासजी भाजीत पोळी बुडवत होते. त्यांनी आपल्या ताटातला बुंदीचा लाडू उचलून व्याह्यांच्या ताटात ठेवला. हरिदासजींना साखरेची बिमारी होती. पलीकडच्या पंगतीतून शोभाबाई "अवो, अवो!" करत उठल्या, पण त्या पोचेपर्यंत अर्धा लाडू गेलाही होता.