तिहोमिरची मागची खोली

आमच्याकडे हिवाळ्यात घर म्हणजे स्वयंपाकघर. बाकीच्या खोल्या थंडी पडली की बंद. त्यांत बटाटे, आंबवलेल्या कोबीचं पिंप, आणि घरात कुणी गेलंच तर पुरेपर्यंत त्याचं प्रेत. म्हणून अर्धांगवायूनंतर तिहोमिरची खाट त्याच्या बायकोने, मिलुंकाने, चुलीला लागून टाकली, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

वाटलं ते फक्त त्याला. सगळा जन्म लाकडाच्या गिरणीत गेला, पण चारचौघांत कधी सदरा न काढलेला माणूस. आता उजवी बाजू गेलेली, जीभ तेवढी शाबूत, आणि पायाशी कॉफी पीत बसलेले पाहुणे. मिलुंका लघवीचं भांडं घेऊन आली की आम्ही सगळे आपापल्या कपात बघायचो आणि तो भिंतीकडे तोंड करायचा. त्याचा धाकटा भाऊ ल्युबिसाव तर बर्फाने माखलेल्या बुटांनिशी सरळ आत यायचा आणि पांघरूण उचलायचा. "काय रे, आज पाय हलला का?"

एकदा तिहोमिर बायकोला म्हणाला, "मेल्यावर मला मागच्याच खोलीत ठेवणार ना? मग जिवंतपणीही चार दिवस ठेव. दार लावून."

"तिथं भिंतीला बर्फ धरतो."

"मग तापव."

"राजेसाहेबांना वेगळा महाल हवाय!" ल्युबिसाव हसला. मिलुंका हसली नाही.

वरच्या वाडीतलं एक कुटुंब कायमचं ऑस्ट्रियाला गेलं होतं. त्यांच्या घरातला लाकडावरचा बॉयलर आणि त्याच्या गरम पाण्याने खोल्या तापवणारे लोखंडी रेडिएटर मिलुंकाने कालवड देऊन घेतले. शेजारच्या स्रेतेनने ते धूड ट्रॅक्टरमागे घसरगाडीवर बांधून ओढत आणलं. स्रेतेन एकेकाळी बसची इंजिनं दुरुस्त करायचा, आता गावात जे मोडेल ते करतो. बॉयलरला जागा करायला कोठीतल्या फळ्या निघाल्या, माळ्यावर पाण्याची टाकी बसली, तिला जुनी गोधडी गुंडाळली. चुलीचं धुराडं बॉयलरला द्यावं लागलं, म्हणून चूल अंगणात गेली. याच दिवसांत तिहोमिरला घास गिळवेना. डॉक्टरने मिलुंकाला ओसरीत नेऊन सांगितलं की वसंताची आशा धरू नका.

"वहिनी, रेडिएटर आहेत, पण कॉक एकालाही नाही," स्रेतेन म्हणाला. "शहरातून आणायचे तर रस्ता मोकळा होईपर्यंत थांबावं लागेल."

"कॉक नसला तर काय बिघडतं?"

"एकच खोली बंद करता येत नाही. तापलं तर सगळं घर तापतं."

"मग जोड. बंद कुणाला करायचंय?"

पहिल्यांदा पेटवला तेव्हा बॉयलरचा सांधा गळाला. पाणी सोडलं, वेल्डिंग केलं, गळू नये म्हणून पाइपांच्या आट्यांना नव्याने ताग गुंडाळला. तोवर तिहोमिर चूल नसलेल्या स्वयंपाकघरात कानटोपी घालून कुडकुडत होता. "महालाचं भाडं आगाऊ भरतोय," म्हणाला. दुसऱ्यांदा पाइप गुरगुरले, ठोकल्यासारखे वाजले, आणि मागच्या खोलीतलं लोखंड वरून खाली तापत आलं. स्रेतेनने त्यावर तळवा ठेवला आणि चटकन उचलला.

तिहोमिरला तिकडे हलवलं. "दार लाव," तो म्हणाला. मिलुंका दाराबाहेर उभी राहिली. आत काहीतरी पडलं, मग एक सणसणीत शिवी ऐकू आली. डाव्या हाताने दाढी चालली होती.

मी साय घेऊन गेले तर मिलुंका म्हणाली, "दार वाजवून जा. तो 'ये' म्हणाला तरच." मी वाजवलं. त्याने मला चांगलं ताटकळत ठेवलं. आत गेले तेव्हा केस विंचरलेले, हनुवटीवर कापल्याची खूण. "बस, शेजारीणबाई," यजमानासारखं म्हणाला.

फार दिवस नाही मिळाले त्याला. ऐन कडाक्यात एका सकाळी तो गेला. आम्ही बायका घंगाळ घेऊन आलो, कारण मेलेल्याला आंघोळ घालणं हे शेजारणींचं काम. मिलुंकाने घंगाळ माझ्या हातातून घेतलं आणि आत जाऊन दार लावलं.

दफन दुसऱ्या दिवशी दुपारी. खोली तर भट्टीसारखी.

"तिथली ऊब बंद कर," ल्युबिसाव म्हणाला. "उद्यापर्यंत त्याला टिकवायचंय."

"बंद होत नाही," स्रेतेन खाली बघत म्हणाला.

"मग खिडकी उघडा."

"आतलं पाणी गोठून लोखंड फुटेल."

"मग सरपणाच्या पडवीत ठेवू. एका रात्रीचा तर प्रश्न."

"पडवीत नाही," मिलुंका म्हणाली. "ती खोली त्याची आहे."

तिने बॉयलरचं दार उघडलं, निखारे लोखंडी बादलीत ओढले आणि बाहेर बर्फावर उपडे केले. मग स्रेतेनने सगळं पाणी सोडलं. काळं पाणी वाफाळत अंगणभर पसरलं आणि फाटकापाशी गोठलं. ल्युबिसावने मागची खिडकी उघडली.

संध्याकाळी लोक कोट घालूनच बसले. "नवरा गेला, आता गावालाही गारठवून मारतेय," ल्युबिसाव दारूचा पेला फिरवत म्हणाला. मेलेल्याला एकटं सोडायचं नसतं, म्हणून तो खुर्ची उचलून चौघांना घेऊन आत निघाला. मिलुंका दारात उभी राहिली.

"मी बसते."

"एकटी? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

तिने आत जाऊन किल्ली फिरवली. थंडीने एकेक जण उठून गेला.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पाद्री अंगणात पाय आपटत उभे होते, शवपेटी ओसरीत आणून ठेवली होती. ल्युबिसावने कडीला हात घातला. जरा थांबला, हात काढून घेतला आणि बोटांनी हलकेच दार वाजवलं.

आत खुर्ची करकरली.

"थांबा," मिलुंका म्हणाली.

आम्ही थांबलो.