अप्पांचा खोकला काढला तेव्हा

मी जात्याच भित्री, आणि पोटासाठी काम मिळालं ते ब्लेडने कापायचं. मद्रासला टी. नगरात एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर रेकॉर्डिंगची खोली होती. साठ सालानंतरची काही वर्षं मी तिथे टेप कापायची आणि जोडायची. भाषण करणारा अडखळला, गाताना कुणाला शिंक आली, की तेवढा तुकडा काढून दोन टोकं चिकटवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण टेप सरळ कापली तर जोडावर ‘टक्’ असा आवाज येतो, मधेच कुणी टिचकी मारावी तसा. म्हणून तिरकं कापायचं, आणि शक्यतो गाणारा श्वास घेतो तिथेच. मला ते बरं जमायचं. तरी ब्लेड टेकवण्याआधी दर वेळी मी खूण दोनदा तपासायची.

माझे वडील, अप्पा, दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी कीर्तनकार. आम्ही तंजावरकडचे मराठी. बाजारात तमिळ, घरात आमची जुनी मराठी, आणि अप्पांचं कीर्तन तर मराठीतच. त्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. ते ऐकून घरात कुणी रडलं नाही. आम्ही सगळेच इतके घाबरलो होतो की एकमेकांशी फार शहाण्यासारखं वागत होतो.

इस्पितळात जाण्याआधी मी अप्पांना माडीवर नेलं आणि त्यांचं एक कीर्तन टेप केलं. चार ओळी झाल्या की त्यांना ढास लागायची. संपल्यावर घाम पुसत ते म्हणाले, “अस्का खोकला काढून टाक गे. लोकांनी कीर्तन ऐकायचं, खोकला नव्हे.”

“सगळा काढते, अप्पा,” मी म्हटलं.

आमच्याकडे यंत्र एकच, त्यामुळे नक्कल करून ठेवायची सोय नव्हती. अप्पांचा आवाज जगात दोनच ठिकाणी होता. एक त्यांच्या घशात, आणि तो आता जाणार होता. दुसरा माझ्या कपाटात.

मधे आयुधपूजा आली. आमच्या मद्रासेत त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. सुताराचा रंधा असो की शिंप्याची कात्री, सगळं देवीपुढे मांडायचं. खोलीच्या मालकाने पाटावर मायक्रोफोन, कात्री, पाठ उघडी असलेला जुना स्पीकर आणि माझं ब्लेड मांडलं, सगळ्यांना चंदन-कुंकू लावलं, चुरमुरे आणि उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल वाटलं. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. त्या दिवशी पूजेतलं हत्यार उचलून थोडं तरी काम करायचंच, म्हणजे वर्षभर हाताला यश. मी मुद्दाम अप्पांची टेप काढली. त्याच आठवड्यात त्यांची शस्त्रक्रिया होती. यश मला तिथेच हवं होतं.

टेप हाताने मागेपुढे सरकवत एकेक ढास शोधली, पेन्सिलने खूण केली, तिरकी कापली, जोडली. आधी सगळे जोड पुरे करायचे आणि मग ऐकायचं, ही माझी पद्धत. सगळं झाल्यावर यंत्र चालू केलं. पहिला जोड आला. टक्. दुसरा आला. टक्. एकही जोड सुटला नव्हता.

मी एकेक जोड पुन्हा तपासला. काप तिरके होते, एक सोडून सगळे श्वासावर होते, चूक सापडत नव्हती. मग नको ते मनात येऊ लागलं. देवीपुढचं ब्लेड, शुभ दिवस, आणि अप्पांच्या आवाजात जागोजागी मोडल्याचा आवाज. हा अपशकुन नाही तर काय? मी शिकलेली बाई, पण त्या खुर्चीवर बसून देवाची विनवणी करत होते की अप्पांना टेबलावर घेतील तेव्हा असं काही टक् होऊ देऊ नकोस. मालकाने विचारलं, “एन्न आच्चु?” काय झालं म्हणून. मी नुसतं यंत्राकडे बोट दाखवलं.

काहीतरी करायचं म्हणून ब्लेडवरचं वाळलेलं चंदन पुसलं आणि ते खाली ठेवलं. शेजारच्या डबीतली एक टाचणी उडी मारून त्याला चिकटली. मग डोक्यात प्रकाश पडला. पूजेत पडू नये म्हणून मालकाने ब्लेड स्पीकरच्या उघड्या पाठीला लावून ठेवलं होतं, आणि तिथे हा एवढा मोठा लोहचुंबक. रात्रभर त्याला चिकटून माझं ब्लेडही चुंबक झालं होतं. टेपवरचा आवाज म्हणजे चुंबकाचाच ठसा, तेव्हा आता ते टेपला जिथे शिवेल तिथे टक् उमटणार.

कोपऱ्यावरून नवं ब्लेड आणलं. एकेक जोड सोडवून दोन्ही कडा केसभर तासल्या आणि पुन्हा चिकटवल्या. श्वासावरचे टक् गेले. एक मात्र राहिला. शेवटाकडे ‘राघवा’ म्हणताना ढास इतकी लगटून आली होती की कड तासली असती तर ‘वा’ तुटला असता. माझी छाती होईना. तो टक् तसाच ठेवला.

अप्पा घरी आले ते गळ्याला पांढरं फडकं बांधून. सुखरूप आले, पण मुके. मालकाने यंत्र एका दिवसापुरतं घरी नेऊ दिलं. अप्पा खुर्चीत, आई दाराशी, आणि मी यंत्राजवळ त्या एका जोडाची वाट बघत. आता अप्पांना कळणार, माझ्याकडे बघणार.

‘राघवा’ जवळ आला तशी आई उठली. फुलपात्रात पाणी ओतून घेऊन आली. इतक्या वर्षांत त्या ओळीला त्यांना ढास लागायचीच, आणि ती आधीच पाणी घेऊन निघालेली असायची. टक् झालं, आवाज पुढे गेला. आई खोलीच्या मधोमध तशीच उभी राहिली. अप्पांनी हात पुढे करून फुलपात्र घेतलं आणि तहान नसावी तसं घोट घोट प्यायले.

“खोकला कुठं गेला गे?” आईने मला विचारलं.

तो मी केरात टाकला होता, आणि केर केव्हाच गेला होता.