झंझाचं बारसं

माझ्या मुलीचं पाळण्यातलं नाव झंझा आहे, आणि त्यात हवामान खात्याची काहीही चूक नाही. चूक माझी आहे.

माझी थोरली बहीण सुनंदाताई जांभूळ गावात दिलेली. ती अजून भात लावते; मी चिखलोलीच्या नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो आणि ऑफिसात शुद्ध बोलतो. ताई कधीच कळवून येत नाही. रिक्षातून दोन गोण्या घेऊन उतरते, आणि ती लिफ्टमधून बाहेर पडायच्या आत तिचा आवाज घरात पोचलेला असतो. मग ती आमचं किचन नव्याने लावते, पडदे धुवायला काढते आणि मी सहावीपर्यंत अंथरूण ओलं करायचो हे शेजाऱ्यांना सांगते (पाचवीपर्यंत!). ती गेली की तीन दिवस चहाची पावडर सापडत नाही.

गेल्या वर्षी टीव्हीवर वादळाची बातमी चालू होती, तेव्हा वादळांना नावं का देतात ते मी वाचून काढलं. आता मला अर्धवट ज्ञान झालं की ते कुणाला तरी वाढल्याशिवाय चैन पडत नाही. जेवताना मी बाबांना आणि मनीषाला, म्हणजे बायकोला, सगळं समजावलं. समुद्रात एकाच वेळी दोन वादळं असली तर अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांनी घोळ होतो. नाव असलं की कोळ्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना चटकन कळतं, कुठल्या वादळापासून पळायचं. आपल्या बाजूचे देश आधीच यादी करून ठेवतात, नावं पाळीपाळीने येतात, एकदा वापरलेलं पुन्हा नाही. नाव छोटं हवं, सोपं हवं, कुणाच्या मनाला लागेल असं नको. आणि वाऱ्याने ठरावीक वेग गाठल्याशिवाय नाव मिळतच नाही. तोवर तो नुसता कमी दाबाचा पट्टा.

"मग आपल्या ताईंना नाव पाहिजे," मनीषा म्हणाली. (हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे सगळं माझ्या एकट्यावर आलं.)

आम्ही तीन देश बसलो आणि ताईच्या येणाऱ्या खेपांसाठी पाच नावं काढली. मनीषाने गर्जना आणि चपला (म्हणजे वीज, वहाणा नव्हेत) दिली. बाबा आधी "ती माझी लेक आहे" म्हणून रुसले, आणि मग त्यांनीच भैरवी सुचवलं. उल्का आणि झंझा माझी. बाबांचा जन्म कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेलेला. त्यांनी सुवाच्य अक्षरात यादी लिहून किचनमधल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. ताई येऊन गेली की यादी परत लावायची, नाव खोडायचं आणि पुढे तारीख टाकायची. खालून वॉचमनचा फोन आला की मी "चपला आली" म्हणायचो आणि मनीषा आधी यादी उतरवायची, मग चहाची पावडर लपवायची. आम्ही फार हसायचो.

त्याच वर्षी आम्हाला मुलगी झाली. नाव आर्वी ठरलं. उल्हासनगरच्या सासुरवाडीने तसा मोठा बॅनर करून आणला आणि त्यावर कागद लावून ठेवला. नाव बाळाच्या कानात सांगायचा मान अर्थात आत्याचा. मनीषा पंधरा दिवस मागे लागली होती, ताईंना नाव सांगून ठेवा. मी टाळत होतो, कारण ताईला काही सांगितलं की ती मत देते. शेवटी पाळणा सजवता सजवता घाईत म्हणालो, "ताई, नाव किचनमध्ये लिहून ठेवलंय, तेवढं बघून ये."

चिठ्ठी ओट्यावर होती. म्हणजे सकाळपर्यंत होती. आमचा ओटा ताईला पसरलेला खपत नाही. तिने आल्या आल्या तो पुसून चिठ्ठी कचऱ्यात टाकली होती. मग तिने कपाट उघडलं. तिथे बाबांच्या हातची यादी, बारशाच्या गडबडीत उतरवायची राहिलेली. चार नावं खोडलेली, एक शिल्लक.

तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. "झंझा," ताईने खणखणीत जाहीर केलं, आणि त्याच क्षणी माझ्या मेव्हण्याने बॅनरवरचा कागद ओढला.

सासूबाईंनी बॅनरकडे पाहिलं, मग बाळाकडे, मग माझ्याकडे. ताई म्हणाली, "मना नका इचारू. यांनीच ल्हून ठेवलाय. म्हटला, आजकाल असलीच नावा ठेवतान." आणि पुरावा म्हणून तिने यादी दारावरून सोलून आणली.

सासूबाईंनी चष्मा लावला. खोडलेली नावं नापसंत झाली असतील हे त्यांना पटलं. पण पुढच्या तारखा कसल्या, त्यांनी विचारलं. बाबा छताच्या पंख्याकडे बघू लागले. ताईने कागद परत घेतला आणि तारखा वाचल्या. मग हळू आवाजात, इतक्या हळू आवाजात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं, ती एकेक ओळखत गेली. गर्जनाच्या दिवशी मनीषाच्या पोटात काही ठरत नव्हतं म्हणून ती चिंचा-बोरं घेऊन आली होती. चपलाच्या दिवशी आमच्या इमारतीत पाणी नव्हतं, तिने जांभूळहून रिक्षात कॅन भरून आणले होते. भैरवीला बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. उल्काला ती दिवसभर हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती, बाळाची वाट बघत.

"ह्या नावा कोनाची हायत रे?" तिने मला विचारलं.

इथे शहाण्या माणसाने पाय धरले असते. मी घाबरून वादळांना नावं कशी देतात ते सांगायला लागलो. तीस पाहुण्यांसमोर! देश सांगितले, पाळी सांगितली, कमी दाबाचा पट्टा सांगितला. "कुणाच्या मनाला लागेल असं नाव ठेवत नाहीत" या वाक्याशी आल्यावर मात्र आपण नेमकं तेच केलंय हे डोक्यात शिरलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही. ते कपाट उघडताना अजून मान खाली जाते.

ताई रडली नाही, ओरडली नाही. कागदाची घडी करून तिने कमरेला खोचली. "कानात सांगितलेला नाव फिरत नाय," एवढंच म्हणाली, आणि घुगऱ्या वाटायला लागली. मला सगळ्यात शेवटी मिळाल्या.

दाखल्यावर आर्वी आहे. पण पोरगी झंझा म्हटल्याशिवाय वळून बघत नाही.

महिनाभर ताई फिरकली नाही. घर फार नीटनेटकं आणि फार शांत होतं, चहाची पावडर जागच्या जागी होती. शेवटी मीच जांभूळला गेलो, माफी मागायला. सवयीने दोन रिकाम्या पिशव्याही नेल्या. माफी मागून झाली. ताई ऐकता ऐकता पिशव्यांत तांदूळ, वाल आणि सुकट भरत होती. रिक्षात बसताना मी म्हणालो, "ताई, आता तूही माझ्या खेपांना नाव ठेव, म्हणजे फिटंफाट."

ताईने रिक्षाच्या दांड्याला धरून जरा विचार केला. "तूच बोललास ना, जोर असल त्यालाच नाव देतान," ती म्हणाली. "तू आपला कमी दाबाचा पट्टा."

पिशव्या चांगल्याच जड होत्या, म्हणून मी वाद घातला नाही.