बिनपानांची दांडी

कात्रीसाहेबांचं खरं नाव त्यांच्या कार्यालयातल्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायची कुणाला कधी गरज पडली नाही. प्रस्ताव आला की त्यातला निम्मा छाटायचा, कुणी रजा मागितली की अर्धी द्यायची, भाषण लिहून आणलं की पहिला आणि शेवटचा परिच्छेद उडवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्तीच्या समारंभात त्यांचे वरिष्ठ, म्हणजे थोरले साहेब, म्हणाले, "यांच्यामुळे या कार्यालयात एकही जादा खुर्ची उरली नाही." कात्रीसाहेबांचे डोळे भरून आले. मागचे लोक उभ्यानेच टाळ्या वाजवत होते, कारण बसायला खुर्च्या नव्हत्या.

असा माणूस दिवसभर घरात बसणार म्हटल्यावर काय काय छाटलं जाईल, याची धास्ती त्यांच्या बायकोने आधीच घेतली होती. इमारतीत सगळे तिला वहिनी म्हणत. पहिल्याच आठवड्यात पडद्यांच्या झालरी गेल्या. मग बहिणीशी फोनवरच्या गप्पा अर्ध्यावर आल्या. वहिनी मूग गिळून बसल्या. पण एका सकाळी साहेबांची नजर खिडकीतल्या मेणवेलीवर गेली, आणि वहिनींचा जीव टांगणीला लागला.

ही वेल म्हणजे माहेरचं घर विकलं गेलं तेव्हा आईने बाटलीत घालून दिलेली एक फांदी. पुढे आईही गेली, आणि माहेरचं म्हणावं असं एवढंच उरलं. पानं मेण लावल्यासारखी जाड, आणि वाढ इतकी सावकाश की एखादं नवं पान आलं तरी वहिनी शेजारणीला बोलावून दाखवत. आईकडे दर उन्हाळ्यात या वेलीला गुलाबीसर फुलांचे झुबके लटकत. इथे ती आत्ता कुठे वयात येत होती.

"हिचा उपयोग काय?" साहेबांनी विचारलं.

"फुलेल की."

"कधी?"

ज्याला मुदत नाही अशी गोष्ट साहेबांना सहन होत नसे. त्यांनी वेलीचा कारभार स्वतःच्या हातात घेतला. आधी प्रोत्साहन म्हणून मोठी कुंडी दिली, म्हणजे बढतीच. फूल आलं नाही, तेव्हा बदली केली: पुढच्या खिडकीतून मागच्या खिडकीत, तिथून न्हाणीघराच्या दाराशी. मग रोज सकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून तिला धारेवर धरायला लागले. "पाणी वेळेवर, खत वेळेवर. कामाचं काय?"

वेल काही बोलली नाही. तिने फक्त एक बारीक दांडी पुढे काढली, एकही पान नसलेली.

साहेबांनी ती कापली.

"अहो, ती कापायची नसते," वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "आई सांगायची, फूल त्या दांडीवरच येतं. एकदा येऊन गेलं की पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दांडीवर."

"तुला झाडांतलं काय कळतं? ना पान, ना फांदी, नुसती फुकट पोसायची. अशानेच कार्यालयं बुडतात."

तेव्हापासून दर रविवारी तपासणी सुरू झाली. दांडी दिसली की गेली. वहिनींनी कात्री पिठाच्या डब्यामागे दडवली, तर साहेबांनी नेलकटर आणला. एवढी निगा राखूनही झाड ढिम्म, म्हणजे झाडच कामचुकार, असा शेवटी त्यांनी निकाल दिला. उन्हाळा संपेपर्यंत फूल आलं नाही तर वेल कचऱ्यात आणि त्या जागी चपलांचं कपाट. सुतार माप घेऊनही गेला.

त्या दिवशी वहिनींना भाजी निवडता निवडता रडू आलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचार केला, की या माणसाने जन्मात कुणाचं ऐकलंय? एकाच माणसाचं. साहेब केस कापायला गेल्याबरोबर त्यांनी थोरल्या साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"वहिनी, मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही हो," थोरले साहेब संकोचून म्हणाले.

"कळायची गरजच नाही, साहेब. तुम्ही फक्त सांगायचं."

"माझ्या सांगण्याने झाड फुलेल?"

"झाड आपलं आपण फुलेल. हे थांबतील."

संध्याकाळी थोरल्या साहेबांचा फोन आला. कात्रीसाहेबांनी तो उभं राहून घेतला. "हो साहेब. पुढच्या खिडकीत, साहेब. कुंडी बदलणार नाही. दांडीला हात नाही." फोन ठेवला आणि वहिनींकडे वळून ते गंभीरपणे म्हणाले, "बिनपानांची दांडी कापायची नसते. लक्षात ठेव."

"बरं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे बाकीचं त्यांनी सोडून दिलं.

वेलीने दांडी काढली, दांडीच्या टोकाला बारीक कळ्यांचा घोस धरला, आणि ऐन उन्हाळ्यात एका संध्याकाळी पहिला झुबका उमलला. वहिनी बराच वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या. आईच्या घरचा तोच वास होता. तेवढ्यात साहेबांनी अख्खी इमारत गोळा केली.

हातात पट्टी घेऊन ते समजावून सांगत होते. लोक माना डोलावत होते, आणि साहेब हरभऱ्याच्या झाडावर चढत चालले होते. "मूळ तत्त्व एकच. ही दांडी निरुपयोगी दिसते, पण तिला अभय द्यायचं. आमच्या हिला किती वर्षं सांगतोय, पण ऐकेल तर शपथ."

शेजारणीने वहिनींकडे पाहिलं. वहिनी कपबश्या गोळा करायला लागल्या.

मंडळी गेल्यावर साहेबांनी थोरल्या साहेबांना फोन लावला आणि कौतुक घरभर ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला. "साहेब, आपल्या मार्गदर्शनामुळे झाड फुललं."

"माझं कसलं मार्गदर्शन?" पलीकडून हसण्याचा आवाज आला. "वहिनींनी जे सांगितलं तेच मी तुम्हाला ऐकवलं. त्यांच्याच पाया पडा."

साहेबांनी फोन हळूच बंद केला आणि उसासा टाकला.

"वय झालं साहेबांचं," ते म्हणाले. "स्मरणशक्ती दगा द्यायला लागली बिचाऱ्यांची."

वहिनींना संताप आला. झालरी गेल्या तेव्हा आला नव्हता, गप्पा तुटल्या तेव्हाही नाही. आता मात्र कानशिलं तापली. पण त्या रात्री काही बोलल्या नाहीत, कारण बोलायला बसल्या असत्या तर लग्नापासून सुरुवात करावी लागली असती.

फुलं पुष्कळ दिवस टिकली. मग एकेक गळायला लागलं आणि एका रविवारी उघडी दांडी तेवढी उरली. साहेब चष्मा लावून, पिठाच्या डब्यामागे सापडलेली कात्री घेऊन आले. "चला, हिचं काम झालं," म्हणत त्यांनी कात्री उघडली.

"त्या दांडीला हात लावायचा नाही," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्या साहेब आणि वेल यांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "का? थोरल्या साहेबांचा फोन आला होता?"

"नाही. मी सांगतेय."

साहेबांनी फोनकडे पाहिलं. तो वाजला नाही. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्या हलल्या नाहीत. उघडी कात्री हातात घेऊन ते तसेच उभे राहिले, एखाद्या अर्जदारासारखे.

"मग ही," शेवटी त्यांनी विचारलं, "कुठे ठेवू?"

"माझ्याकडे द्या," वहिनी म्हणाल्या.