जिवंत आजीची रजा

आयर्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणजे दिवसा कारखान्यात काम करणारा माणूस, हे ज्ञान मला मलिंगारला आल्यावर झालं. २०१४ साली मी तिथल्या वैद्यकीय उपकरणांच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात रुजू झाले. क्लीनरूममध्ये डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या गाऊनमध्ये गुंडाळलेली माणसं दिवसभर कॅथेटरच्या नळ्या भिंगाखाली तपासत बसायची. त्यांतला एक फिलिपिनो होता. तो शेजारच्या गावातल्या क्लबाकडून फर्स्ट डिव्हिजनमध्ये खेळायचा, बचावपटू म्हणून. फर्स्ट डिव्हिजन म्हणजे अर्थातच दुसरी, कारण पहिलीला तिथे प्रीमियर म्हणतात. ही पद्धत आमच्या शाळेत असती तर मीही पहिली आले असते.

मी कोल्हापूरची. हे मुद्दाम सांगते, कारण उरलेल्या महाराष्ट्राला फुटबॉल हा टीव्हीवर दिसणारा परदेशी प्रकार वाटतो. आमच्याकडे पेठेपेठेचा संघ असतो आणि सामन्याच्या आठवड्यात दुसऱ्या पेठेतल्या सख्ख्या मेव्हण्याशीही लोक तुटक बोलतात. वडील मला लहानपणापासून स्टेडियमवर न्यायचे. बचावपटू बघायचा असेल तर चेंडूकडे बघायचं नाही, त्याच्या पायांकडे बघायचं, हे त्यांनीच शिकवलं.

आमचे हे पुण्याचे. ते रोज गाडीनं डब्लिनला जाऊन सॉफ्टवेअर लिहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन जगाला सल्ले द्यायचे. पुण्याच्या माणसाला फुटबॉल कळत नाही असं मी म्हणणार नाही, त्याला सगळंच कळतं. पहिल्यांदा मी त्यांना सामन्याला ओढून नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, "यानं आत्तापर्यंत गोल किती मारलेत?"

"तो बचावपटू आहे."

"ते ठीक आहे गं, पण किती?"

"एक. स्वतःच्याच संघावर."

"म्हणजे जमतं त्याला," असं म्हणून त्यांनी समाधानानं चहाचा घोट घेतला.

सामने शुक्रवारी संध्याकाळी असायचे. पत्र्याच्या छपराखाली आम्ही मोजकी मंडळी, समोरून आडवा येणारा पाऊस, हातात करी सॉस घातलेले चिप्स. मागे एक म्हातारबाबा बसायचे. त्यांना कोणाचंच नाव येत नसे, सगळे खेळाडू त्यांच्या लेखी 'युअर मॅन', म्हणजे 'तो गडी'. आमच्या माणसानं एखादा हल्ला अगदी शेवटच्या क्षणी पाय घालून मोडला की म्हातारबाबा म्हणायचे, "युअर मॅन इज ग्रँड." आयर्लंडमध्ये हवामान, चहा, मोडलेला हात आणि संसार हे सगळंच ग्रँड असतं, त्यामुळे ही स्तुती होती का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण तो खरंच चांगला होता. प्रतिस्पर्धी कुठे पळणार हे त्याला आधी कळायचं, आणि तो तिथे जाऊन नुसता उभा राहायचा. मग काहीच घडायचं नाही. बचावपटूची कारकीर्द अशीच असते. सगळं नीट केलं की प्रेक्षक जांभया देतात, आणि एकदा चुकलं की वर्तमानपत्रात नाव येतं.

त्याची आई मलिंगारच्याच हॉस्पिटलात नर्स होती. मुलगा लहान असतानाच ती आयर्लंडला आली आणि तो आजीपाशी राहिला. चांगला मिसरूड फुटेपर्यंत तिनंच त्याला वाढवलं. फुटबॉलचा पहिला बूट तिनंच घेऊन दिला, दोन मापं मोठा, म्हणजे टिकेल म्हणून. पुढे आईनं त्याला इकडे आणलं आणि तो इथे क्लबाकडून खेळायला लागला. पण आजीनं त्याला मोठ्या मैदानावर खेळताना कधी पाहिलंच नाही. विमानात बसायला ती तयार नव्हती. "एकदा देशाकडून खेळायचंय, आते," तो मला जेवणाच्या सुट्टीत सांगायचा. "ती बघायला येईल असं. बास, एकदा." त्यांच्यात मोठ्या बहिणीला आते म्हणतात. माझी फुकटात एक पिढी वाढली, पण मी तक्रार केली नाही.

दरवर्षी फिलिपिन्सच्या संघाकडून कोणीतरी फोन करून सांगायचं की तुझ्यावर आमचं लक्ष आहे. लक्ष कुठे होतं ते दिसतच होतं. ज्यांची आई फिलिपिनो आणि वडील युरोपातले, अशी पोरं जर्मनीपासून इंग्लंडपर्यंत शोधून संघात घेतली जात होती. हा बिचारा दोन्ही बाजूंनी फिलिपिनो, मग याच्याकडे कोण बघणार? दरम्यान क्लबाचे प्रशिक्षक बदलले, गुडघा एकदा सुजला, मग दुसरा सुजला. तो तिशीच्या उंबरठ्यावर आला आणि आजीला मोतीबिंदू झाला.

२०१८च्या हिवाळ्याच्या तोंडावर बोलावणं आलं. कोणाला तरी दुखापत झाली होती आणि एक बचावपटू कमी पडत होता. सामना मायदेशात, आजीच्या गावाहून बसनं जाता येईल अशा शहरात. तो क्लीनरूमच्या बाहेर गाऊन काढता काढता मला हे सांगत होता आणि त्याला बाही सापडत नव्हती. मला इतका आनंद झाला की मी चक्क शिट्टी वाजवली, कोल्हापुरी. सुरक्षारक्षक धावत आला.

अडचण एकच होती. त्याच पंधरवड्यात अमेरिकेहून ऑडिटवाले येणार होते आणि कोणालाही रजा नव्हती. तो साहेबांकडे गेला. साहेब स्थानिक, गोरेगोमटे, अतिशय प्रेमळ. "लीव्ह इट विथ मी," ते म्हणाले. आयर्लंडमध्ये 'नाही' म्हणणं असभ्य समजतात, म्हणून हे म्हणतात. तुमची अडचण ते स्वतःकडे ठेवून घेतात आणि ती पुन्हा कधी कोणाला दिसत नाही.

त्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला होता. यांनी मटणाचा रस्सा ओरपत सगळी कहाणी ऐकली आणि सल्ला दिला, "सिंपल आहे रे. आजीला मार."

त्याचा घास हातातच राहिला.

"म्हणजे कागदोपत्री. पुण्यात माझ्या टीमनं एका वर्ल्ड कपमध्ये पाच-सहा आज्या घालवल्या. मॅनेजरनं स्वतःची घालवली. कोण विचारतंय?"

त्यानं छातीवर क्रुसाची खूण केली आणि पाण्याचा घोट घेतला. मी यांना टेबलाखालून लाथ मारली, पण सल्ला दिला गेला होता.

विमानाची वेळ जवळ आली तसा तो पुन्हा साहेबांपुढे उभा राहिला. मी नमुने घेऊन तिथेच होते. तो म्हणाला, "माझी आजी..." आणि पुढे त्याला बोलताच येईना. डोळे भरून आले. अश्रू खरेच होते, कारण ती त्याची वाट बघत होती आणि हा जाऊ शकत नव्हता. पण आयरिश माणसाला अर्धं वाक्य पुरतं. साहेब उठले, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "सॉरी फॉर युअर ट्रबल." तिकडे कोणी गेलं की हेच म्हणतात. पुढच्या मिनिटाला रजा मंजूर झाली. ऑडिट, अमेरिका, सगळं गेलं उडत.

आमच्या पुणेकरांना एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि कबूल करते, मलाही नव्हती. आपल्याकडे नोकरदाराची आजी वारली तर साहेब फार तर भुवई उंचावतो. आयर्लंडमध्ये मात्र कोणी गेलं की सगळं गाव घरी येतं. तिथे लोक सकाळी आधी निधनवार्ता वाचतात आणि मग हवामान. तो विमानात बसला आणि इकडे त्याच्या आईच्या दारात रांग लागली. हॅमची सँडविचेस, अंड्याची सँडविचेस, ॲपल टार्ट, मृतात्म्यासाठी प्रार्थना होणार असल्याची चर्चमधली कार्डं. रात्रपाळी करून आलेली ती बाई दार उघडून विचारते, कोण गेलं? तर शेजारीण तिला मिठी मारून म्हणते, "तुझी आई गं, देव तिचं भलं करो."

तिनं लगेच फिलिपिन्सला फोन लावला. फोन आजीनंच उचलला आणि मालिकेच्या वेळी फोन केल्याबद्दल लेकीला झापलं. आपण वारल्याचं ऐकून तिनं मालिकेचा आवाज कमी केला. मग विचारलं, "रजा मिळाली ना पोराला?"

मी पोहोचले तेव्हा त्याची आई स्वयंपाकघरात प्रेसमधून ताटल्या काढत होती. प्रेस म्हणजे तिकडचं कपाट. "ही अक्कल कोणाची?" तिनं विचारलं. मी क्षणाचाही विलंब न लावता नवऱ्याचं नाव सांगितलं. "आमच्याकडेही असंच करतात," ती म्हणाली, "पण कोणी खायला घेऊन येत नाही!" आणि दार वाजलं तशी चेहरा पाडून बाहेर गेली. मी गंभीरपणे अंड्याचं सँडविच खात बसले.

सामना शनिवारी होता, आयर्लंडच्या वेळेनं दुपारआधी. त्याच्या आईच्या बैठकीच्या खोलीत लॅपटॉपवर चित्र अडकत अडकत येत होतं, आणि शेजारी मोबाईलवर स्टेडियममधून आजी. तिनं फोन असा धरला होता की निम्मं आकाश आणि निम्मी हनुवटी दिसत होती. तो राखीव बाकावर बसलेला. इतक्यात दार वाजलं आणि आई उठायच्या आत साहेब आत आले, हातात टार्ट. त्यांनी लॅपटॉप पाहिला. मग मोबाईल पाहिला. "या कोण?" त्यांनी विचारलं.

"माझी आई," ती म्हणाली. खोटं बोलायची ताकद संपली होती.

साहेबांनी मोबाईल जवळून निरखला. "तब्येत बरी दिसतेय," ते म्हणाले, आणि कोट न काढता सोफ्यावर बसले.

अगदी शेवटी, एका गोलाची आघाडी टिकवायला त्याला उतरवलं. मी त्याच्या पायांकडेच बघत होते. एक उंच चेंडू आला. तो नेहमीसारखा तिथे आधीच उभा होता. त्यानं तो जिवाच्या आकांतानं प्रेक्षकांत भिरकावून दिला. मोबाईलमधून आजीची अशी किंकाळी आली की साहेब दचकले. मग शिट्टी झाली. आई रडत होती, मीही रडत होते, आणि साहेब टार्ट कापत होते. सोमवारी कारखान्यात त्यांनी तो विषय काढला नाही.

पुढच्या वसंतात आजी खरोखर गेली.

मला त्याच्या आईनं फोनवर सांगितलं. कारखान्यात आले तर तो गाऊन घालून भिंगापुढे बसलेला. "साहेबांना सांगितलंस?" मी विचारलं. "काय सांगू, आते? एकदा रडून झालंय की माझं त्यांच्यापुढे." मला इतका राग आला, त्याचा, माझ्या नवऱ्याचा, सगळ्या हुशार लोकांचा, की मी तशीच साहेबांकडे गेले आणि सांगून टाकलं. त्यांनी रजेचा फॉर्म पुढे ओढला. मग म्हणाले, "वडिलांकडची आजी लावतो. तिची रजा शिल्लक असेल." तिकीट दुसऱ्या दिवसाचं मिळालं, मायलेकांचं.

त्या दुपारी त्यांच्या दारात कोणी आलं नाही. गावाचं दुःख आधीच करून झालं होतं, आणि आता पुन्हा कोणत्या तोंडानं सांगणार? घरात बॅगा उघड्या पडलेल्या, आणि चूल पेटलेली नव्हती. ज्या घरी कोणी गेलंय तिथे आमच्याकडे पिठलं-भात नेतात. मी तेच नेलं होतं. हे काय आहे ते कोणी विचारलं नाही, दोघं जेवायला बसले.

"शेवटी शेवटी ती गावभर सांगायची," तो म्हणाला, "की माझ्या नातवानं मारलेला चेंडू स्टेडियमच्या बाहेर गेला. तिला नीट दिसतच नव्हतं, आते. चेंडू पहिल्या रांगेत पडला होता."

"बाहेरच गेला होता," मी म्हटलं. "मी बघितलाय." आणि त्याला अजून थोडा भात वाढला.